सकाळची गोळी घेतली की राहिली?

प्रश्न : वय ७१, एकटी राहते. थायरॉइड, बीपी, शुगर आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत. सकाळची गोळी घेतली की नाही, हेच आठवत नाही. अशा वेळी पुन्हा घेऊ का?

उत्तर : नको, ताई. शंका असली तर दुसरी गोळी घ्यायची नाही. शुगरची तर मुळीच नाही. ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी दोनदा पोटात गेली तर साखर झपाट्याने उतरते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, आणि घरात साखरपाणी द्यायलाही कोणी नसतं. उपवास करत असाल तर त्या दिवशी ही गोळी कशी घ्यायची, ते डॉक्टरांना आधीच विचारा.

सात दिवसांचा, सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेला डबा आणा. रविवारी चष्मा लावून, चिठ्ठी समोर ठेवून भरा. कप्पा रिकामा, म्हणजे गोळी घेतलेली. थायरॉइडची गोळी मात्र बाटलीतच, उशाशी. उठल्याबरोबर साध्या पाण्याने घ्या आणि बाटली उलटी ठेवा; उलटी बाटली म्हणजे गोळी घेतलेली. रात्री झोपताना सरळ करा. चहा अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियम त्यानंतर किमान चार तासांनी, दुपारच्या जेवणानंतर घ्या. एकत्र घेतलं तर थायरॉइडचं औषध आतड्यात नीट शोषलंच जात नाही.

गोळ्यांच्या स्ट्रिपवर एक्स्पायरीची तारीख छापलेली बाजू शेवटी फोडा, म्हणजे ती शेवटपर्यंत वाचता येईल.