आजोबांनी शेवटची ओळ का खोडली?

चि. सोनू हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला आजी-आजोबांकडे राहून तुला दोन गोष्टींचे नवल वाटले, असे तू लिहिले आहेस. पहिली अशी की, फराळाच्या ताटल्या बाजूला सारून घरातली मोठी माणसे जाडजूड मासिके घेऊन तासन्‌तास गप्प बसतात. आणि दुसरी अशी की, तू लिहिलेली सायकलची गोष्ट आजोबांनी कौतुकाने वाचली, पण ‘म्हणून नेहमी खरे बोलावे’ ही तिची शेवटची ओळ पेन्सिलीने खोडली आणि कारण विचारल्यावर ‘आईला विचार’ एवढेच म्हणाले. इथल्या रविवारच्या मराठी शाळेत प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य लिहावे लागते, मग आजोबांना ते का चालले नाही, हा तुझा प्रश्न रास्त आहे. दोन्हींचे उत्तर बरेचसे एकच असल्यामुळे एकत्रच लिहिते.

ती मासिके म्हणजे दिवाळी अंक. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक 1909 साली काढला, ती प्रथा मराठीत रुजली आणि आज दर वर्षी शेकडो अंक निघतात. त्यांत लेख, कविता, व्यंगचित्रे आणि वार्षिक राशिभविष्य असे सगळे असते (भविष्यावर आपला मुळीच विश्वास नाही असे सांगणारे आजोबाही ते पान आधी उघडतात, लक्ष ठेव), पण बहुतेक अंकांचा कणा कथा हाच असतो. संपादक महिनोन्‌महिने आधी लेखकांकडे कथा मागतात, लेखक पावसाळ्यात त्या लिहितात आणि दिवाळीच्या तोंडावर अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत अंकांच्या थप्प्या लागतात. सगळे अंक विकत घेणे कोणालाच परवडत नाही, म्हणून वाचनालये ठरावीक वर्गणी घेऊन ते आळीपाळीने घरी देतात, आणि त्यामुळे पुण्यातल्या पुष्कळ घरांत दिवाळी उन्हाळ्यापर्यंत पुरते. आपल्या घरी वाचून झालेल्या कथेपुढे अनुक्रमणिकेत बारीक टिंब करायचे आणि दोन टिंबांची कथा सगळ्यांनी वाचायचीच, हा दंडक माझ्या लहानपणापासूनचा आहे.

आता कथाच का, ते पाहा. कादंबरी ज्याची त्याने एकट्याने वाचायची असते आणि ती वाचायला आठवडे लागतात. कथा मात्र एका बैठकीत संपते, दुपारी घरातल्या चौघांची वाचून होते आणि संध्याकाळच्या चहाला तिच्यावरून भांडता येते. एका दिवाळीत आजीचे आणि मावशीचे असे जुंपले होते. कथेतल्या सासूला दागिना कुठे ठेवला ते खरोखरच आठवत नव्हते, की ती सुनेची परीक्षा पाहत होती, एवढाच वाद होता. पण आजी पानावरचे संवाद वाचून दाखवून आपली बाजू मांडत होती, मावशी तेच संवाद वेगळ्या सुरात वाचून ती खोडून काढत होती, आणि हे तुळशीच्या लग्नापर्यंत चालले. लेखकाने शेवटी ‘सासू कपटी होती’ असे लिहून टाकले असते, तर त्या दोघी पाच मिनिटांत उठून स्वयंपाकाला लागल्या असत्या. कथा वाचण्यातले निम्मे सुख लेखकाने न लिहिलेले आपण भरून काढण्यात असते, असे मला वाटते.

मराठीत हे पहिल्यापासून असे नव्हते. छापील मराठी गोष्टीची सुरुवातच तात्पर्यापासून झाली, कारण तंजावरला सरफोजी राजांच्या आश्रयाने 1806 साली इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या, आणि इसाप म्हटला की बोध आलाच. पुढे हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये पुण्यात ‘करमणूक’ हे पत्र सुरू करून त्यात स्फुट गोष्टी लिहिल्या. हरिभाऊ ज्या आनंदाश्रम संस्थेचे काम पाहत, ती अप्पा बळवंत चौकाजवळच आहे. आजोबांना दाखवायला सांग. हरिभाऊंच्या गोष्टी ऐसपैस असत आणि वाचकाने काही शिकावे ही तळमळ त्यांत स्पष्ट दिसे, जे त्या काळाला धरूनच होते. त्यानंतरच्या पिढीत दिवाकर कृष्णांनी माणसाच्या मनातली खळबळ हाच कथेचा विषय केला. आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथेला तर ‘नवकथा’ असे नावच पडले. ती वाचकाला काही शिकवायला जात नाही, एक माणूस एका प्रसंगात दाखवते आणि बाजूला होते. आजोबा त्या कथा वाचत मोठे झाले, म्हणून त्यांची पेन्सिल तुझ्या शेवटच्या ओळीवर गेली. शाळेतले तात्पर्य चुकीचे नाही. ते निबंधाला शोभणारे आहे, आणि आजोबांनी तुझे लेखन कथा म्हणून वाचले, हा मोठाच मान समज.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. आपले बरेचसे कथालेखक पोटापाण्यासाठी दुसरेच काही करत असत. दिवाकर कृष्ण हैदराबादला वकिली करत, अरविंद गोखले पुण्याच्या कृषी महाविद्यालयात होते, माडगूळकर आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर, जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत. नोकरी सांभाळून रात्री टेबलाशी बसणाऱ्याला कथेचा आवाका पेलतो, आणि म्हणूनच मराठीत बँकेतली, शाळेतली, दवाखान्यातली माणसे आजही कथा लिहितात. त्यांतल्या पुष्कळशा साधारण असतात, हेही खरे. पण लिहिणाऱ्याला मिळणारा आनंद त्यामुळे कमी होत नाही. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि माडगूळकर तर आपल्या कथा गावोगावी व्यासपीठावरून सांगत, आणि लोक पोट धरून हसत. म्हणून तुझी गोष्ट आजीला मोठ्याने वाचून दाखव. वाक्य कुठे अडखळते ते कानाला डोळ्यांआधी कळते.

लिहिण्यातला आनंद तुला आता थोडासा कळला असेल. पहारेकरी काकांच्या मुलीने दिलेल्या सायकलची घंटी तुझ्या हातून मोडली, तू काही न बोलता सायकल परत केलीस, आणि दुसऱ्या दिवशी ती मुलगी तोंडानेच ‘ट्रिंग ट्रिंग’ करत सोसायटीतून गेली, असे तू लिहिले आहेस. ते ‘ट्रिंग ट्रिंग’ लिहिताना तुला लाज वाटली असेल आणि ते जमले म्हणून मजाही वाटली असेल; या दोन्ही भावना एकाच वेळी येणे, हेच मला लेखनातले खरे सुख वाटते. तुझी कथा तिथेच पुरी झाली आहे. खरे बोलायला हवे होते, हे वाचणाऱ्याला त्या आवाजातून आपोआप कळते, आणि त्याला कळलेले आपण पुन्हा सांगितले की तो हिरमुसतो.

माझ्याही दोन सूचना आहेत. पहिल्या परिच्छेदातला पर्वतीवरचा सूर्योदय काढून टाक, त्याचा सायकलशी काही संबंध नाही. दुसरे म्हणजे, घंटी तूच मोडलीस हे त्या मुलीला ठाऊक होते का, हे तू मनाशी ठरव. ठाऊक असेल तर ती तुझ्याकडे एकदा पाहील, नसेल तर पाहणार नाही. तेवढा एक शब्द बदलावा लागेल, पण कारण लिहू नकोस. पुन्हा लिहिण्याचा कंटाळा करू नकोस. मुंबईच्या ‘सत्यकथा’ मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकांना सविस्तर सूचना पाठवून कथा पुन्हा लिहायला लावत, आणि पुढे नावारूपाला आलेले लेखकही त्यातून गेले आहेत. तुझ्या वाट्याला आजोबांची पेन्सिल आली आहे, तिची मदत घे.

वाचायला मोठ्यांचे अंक जड वाटले, तर बालभारतीचे ‘किशोर’ मासिक आहे. ते 1971 पासून निघते आणि त्याचाही दिवाळी अंक असतो. आजोबांबरोबर जाऊन तो घे आणि येताना माझ्यासाठी दोन टिंबांचे जे अंक असतील ते पिशवीत घाल. नवा खर्डा झाला की जुना फाडू नकोस, दोन्ही पाठव.

आजी-आजोबांना माझा साष्टांग नमस्कार सांग.

तुझी,
आई