फॉरमॅट मारण्याआधी मिनीडंप बघा

प्रश्न : मी घरून चार दुकानांचे जीएसटीचे हिशेब सांभाळते. मागच्या अपडेटपासून लॅपटॉप मध्येच निळा पडतो, ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ असं दाखवतो आणि रीस्टार्ट होतो. भाचा म्हणतो, फॉरमॅट मार. मारू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, नका मारू. फॉरमॅटनंतर विंडोज तोच ड्रायव्हर (वायफाय, प्रिंटर असा एखादा भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) पुन्हा आणून बसवू शकतं, आणि दोषी कोण याचा पुरावा मात्र पुसला जातो. आधी हिशेबाच्या फायली पेनड्राइव्हवर घ्या.

पुरावा असतो सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधल्या ‘मिनीडंप’ फोल्डरमध्ये, क्रॅशची नोंद ठेवणाऱ्या छोट्या फायलींत. ‘ब्लूस्क्रीनव्ह्यू’ हे फुकट सॉफ्टवेअर त्या फायली उघडून क्रॅशच्या वेळी कोणता ड्रायव्हर चालू होता ते दाखवतं. तिथे ‘एनटीओएसकेआरएनएल’ दिसलं, तर लगेच त्याला दोष देऊ नका. तो विंडोजचा गाभा. ड्रायव्हरने भलत्याच मेमरीला हात लावला की पुढचं नुकसान टाळायला मशीन थांबवतो तोच, म्हणून नाव त्याचं येतं. यादीत त्याच्याखेरीज कोणाचं नाव आहे ते शोधा. दर वेळी वेगळंच नाव आलं तर रॅम तपासा. ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ रात्री लावून झोपा.

एक्सेल अडकलं तर एकटं एक्सेल बंद पडतं. ड्रायव्हर गाभ्यातच चालतो, म्हणून तो चुकला की सगळंच थांबतं. जुलै २०२४मध्ये क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख संगणक असेच निळे पडले होते. तेव्हाही उपाय फॉरमॅट नव्हता. सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरवर सुरू करून) जाऊन ती एक सदोष फाइल काढायची होती.

तुमचा संदेश वाचून माझा पहिला संशय वायफायवर आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘नेटवर्क अडॅप्टर्स’खाली त्याच्या प्रॉपर्टीज उघडा, ‘ड्रायव्हर’ टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. बटण फिकट असेल तर जुनी आवृत्ती लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, मॉडेल नंबर टाकूनच घ्या. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट’ म्हणणारी सॉफ्टवेअर कृपया टाकू नका. चांगले चाललेले ड्रायव्हरही त्यांनी बिघडवलेली मशीन माझ्याकडे नेहमी येतात, आणि त्यात लोकांचं कामाचं नुकसान होतं याचं मला फार वाईट वाटतं.

रिटर्नची २० तारीख तोंडावर असेल तर तूर्त वायफाय ‘डिसेबल’ करा आणि मोबाईल यूएसबी केबलने जोडून नेट वापरा. तसं करून लॅपटॉप दिवसभर नीट चालला, तर दोष वायफायच्याच ड्रायव्हरचा असण्याची शक्यता दाट आहे.