गाडी म्हणजे नेमकी कुठली गाडी?

प्रश्न: माझं माहेर ठाण्याचं, लग्न होऊन मोहोळजवळच्या गावात आले. इथं सगळ्यालाच गाडी म्हणतात. सासऱ्यांची बैलगाडी ती गाडी, दिरांची मोटरसायकल ती पण गाडी, आणि मुंबईला निघालं की सिद्धेश्वर एक्सप्रेस, ती पण गाडीच. ऐकणाऱ्याला कळतं कसं? आणि सासूबाई 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' म्हणतात, त्यातला नळा म्हणजे पाण्याचा नळ का?

उत्तर: ताई, प्रश्न फार आवडला. क्रियापदाकडं कान ठेवा, गाडी आपोआप कळते. जुंपली म्हटलं की बैल आले, किक मारली की मोटरसायकल, चुकली म्हणजे रेल्वे नाहीतर एसटी. सगळ्यात भारी 'लागणं' आणि 'लावणं'. स्टेशनवर कुणी 'गाडी लागली का?' विचारलं तर ती प्लॅटफॉर्मवर आली का असं विचारतोय, आणि घाटात कुणी 'मला गाडी लागते' म्हटलं की पटकन खिडकीची जागा द्यायची. सोलापुरातल्या सात रस्ता चौकात कुणी 'सात रस्त्याला गाडी लावली' म्हटलं, म्हणजे पार्क केली किंवा वडापावची हातगाडी सुरू केली, आणि 'कारखान्याला गाडी लावली' म्हणजे सीझनभर ऊस वाहायला दिली. इतकं काम एवढ्याशा शब्दाकडनं करून घेणारी भाषा आपली आहे याचा मला खरंच अभिमान वाटतो.

शब्द जुना आहे, प्राकृतात 'गड्डी' सापडतो. 1860 मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली, आणि त्या नव्या यंत्राला लोकांनी जुन्याच गाडीला आग जोडून आगगाडी केलं. मग मोटरगाडी आली. पुढं बोलता बोलता आग गेली, मोटर गेली, गाडी तेवढी राहिली. आपल्या सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत 'बंडी' शब्द अगदी हेच करतो, बैलाची ती एड्लबंडी, रेल्वे ती रैलुबंडी आणि दारातली मोटरसायकल नुसती बंडी. विदर्भात मराठी माणूससुद्धा बैलगाडीला बंडी म्हणतो, आपल्याकडं मात्र बंडी अंगात घालतात.

आता नळा. तो पाण्याचा नळ नाही. लाकडी चाक आसावर फिरताना कुरकुरतं, तापतं, झिजतं, म्हणून वंगण लागायचं, आणि ते काळं वंगण भरलेला बांबूचा नळा गाड्याखाली टांगलेला असायचा. गाडा पंढरपूरला निघाला की नळ्याचीही वारी घडली. मोठ्याच्या सोबतीनं लहानाचंही काम होऊन जाणं, हा अर्थ. सासूबाईंची म्हण अस्सल आहे, लिहून ठेवा. तसाच एक शब्द चाकोरी. पावसात काळ्या रानातनं लोखंडी धावेची चाकं गेली की खोल चर पडतात, उन्हानं ते दगडासारखे वाळतात, मग मागनं येणारी प्रत्येक गाडी त्यातच उतरते आणि बैलांनी कितीही ओढलं तरी लवकर बाहेर येत नाही. 'चाकोरीबाहेरचा विचार' आपण किती सहज म्हणतो, पण त्याला जोर किती लागतो ते गाडीवानाला विचारा.

प्रश्न: गावच्या जुन्या नकाशात आमच्या बांधाशेजारी 'गाडीमार्ग' आहे. शेजाऱ्यानं अर्धा नांगरून टाकला. त्या शब्दाला आज काही किंमत आहे का?

उत्तर: आहे, आणि चांगली आहे. गाव नकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं दाखवतात, रुंदी 16.5 ते 21 फूट. एकच तुटक रेष असेल तर ती पायवाट, 8.25 फूट. आधी भूमी अभिलेखमधनं नकाशाची नक्कल काढून रेषा नीट बघा. वापरातला रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली तहसीलदारांकडं अर्ज करायचा, पण अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत, म्हणून बोलणी चालू असली तरी तारखेवर लक्ष ठेवा. रस्ताच नसेल आणि बांधावरनं नवा हवा असेल तर तो अर्ज वेगळा, जमीन महसूल संहिता 1966, कलम 143. दोन्हीची सरमिसळ करू नका. शेजारी आहे, आधी चार माणसं घेऊन बोलून बघा, पण नक्कल हातात घेऊनच बसा.