गॅपमध्ये टॅक्सच्या पैशाला हात लावू का?

प्रश्न : ताई, मी रेडिंगला असतो, स्वतःची लिमिटेड कंपनी काढून चार वर्षं आयटी कॉन्ट्रॅक्टिंग करतोय, रेट दिवसाला 450 पौंड. जूनअखेर कॉन्ट्रॅक्ट संपलं, तेव्हापासून इंटरव्ह्यू होतायत पण हातात काही नाही. कंपनीचं वर्ष 31 मार्च 2025 ला संपलं, नफा 70,000 पौंड, त्यावर अकाउंटंटने कॉर्पोरेशन टॅक्स (कंपनीच्या नफ्यावरचा टॅक्स) 14,800 काढलाय, तो 1 जानेवारी 2026 पर्यंत भरायचाय. कंपनीच्या सेव्हिंगला आज 23,000 आहेत. घरखर्च महिना 2,600, वर वाकडच्या फ्लॅटचा बिल्डरचा हप्ता आलाय. मित्र म्हणतो 10,000 च्या आत डायरेक्टर लोन, म्हणजे स्वतःच्याच कंपनीकडून उसने, घे, काही होत नाही, आणि बाकीचे भारतात एफडीत टाक. जानेवारीपर्यंत कॉन्ट्रॅक्ट मिळेलच, मग परत भरू. काय करू?

उत्तर : अरे, आधी ते 23,000 नीट बघ. त्यातले 14,800 तुझे नाहीतच, ते मार्चलाच सरकारचे झाले, फक्त तुझ्याकडे ठेवलेत. राहिले 8,200. एप्रिल ते जून तू काम केलंस, त्या तीन महिन्यांचा नफा 15,000 धरला तर 19 टक्क्याने 2,850 त्याचेही बाजूला काढ. म्हणजे 5,350. तुझी खरी शिल्लक एवढीच, घरखर्चाच्या हिशोबाने जेमतेम दोन महिने. हे वाचून पोटात गोळा येईल मला माहितेय, पण आत्ता आलेला बरा, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नको.

मित्राचं 10,000 वालं अर्धवट आहे आणि याच अर्धवट माहितीने लोक अडकतात. 10,000 च्या आतल्या बिनव्याजी लोनवर तुला स्वतःला बेनिफिटचा टॅक्स लागत नाही, इथपर्यंत बरोबर. पण कंपनीचं वर्ष संपल्यावर नऊ महिने एक दिवसात ते परत आलं नाही तर कंपनीला 33.75 टक्के (2025-26 मध्ये घेतलेल्या लोनचा दर) भरावे लागतात, रक्कम कितीही लहान असो. 9,000 उचललेस तर 3,037 पौंड. ते पुढे लोन फेडल्यावर परत मिळतात, पण ज्या वर्षात फेडशील ते वर्ष संपून वर नऊ महिने गेल्यावर, आणि ज्याच्याकडे आज काम नाही त्याने एवढे दिवस पैसे अडकवून कसं चालेल.

एफडीचं तर डोक्यातूनच काढ. एनआरई खातं, परदेशातली कमाई भारतात ठेवायचं, ते माणसाच्या नावावर निघतं, कंपनीच्या नाही, म्हणजे पैसा आधी पगार, डिव्हिडंड नाहीतर लोन म्हणून बाहेर काढावा लागणार. तिथलं व्याज भारतात टॅक्स फ्री असलं तरी तू इथला रेसिडेंट, इथे दाखवावंच लागतं. आणि टॅक्स पौंडात भरायचाय, तोपर्यंत रुपया घसरला तर सगळं व्याज त्यात जाईल. उलट इथे उशीर झाला तर एचएमआरसी, म्हणजे इथलं टॅक्स खातं, बँक ऑफ इंग्लंडच्या बेस रेटच्या वर 4 टक्के व्याज लावते, एप्रिल 2025 पासून वाढवलंय.

आता डिव्हिडंड. तो टॅक्स वजा जाऊन उरलेल्या साठलेल्या नफ्यातूनच काढता येतो, बँकेत आकडा दिसतो म्हणून नाही. तुझा 12,570 चा पगार असेल तर महिन्याचे 1,047 चालू ठेव आणि वरचे लागतील तेवढेच घे. पगार आणि खर्च चालू राहिले की या वर्षाचा नफा खाली येतो, ते बाजूला काढलेले 2,850 पण कमी होत जातील, पण मार्चपर्यंत त्यावर भरवसा ठेवू नकोस. आणि गॅप लांबून या वर्षी कंपनी तोट्यात गेलीच तर तो तोटा मागच्या वर्षाच्या नफ्यातून वजा करून घेता येतो, तुझा 50,000 च्या वरचा नफा मार्जिनल रिलीफ (मधल्या नफ्यावर मिळणारी सूट) धरून 26.5 टक्क्यात गेला होता, म्हणजे तोट्याच्या दर पौंडामागे 26 पेन्सच्या वर परत येतात. हे अकाउंटंटला आवर्जून विचार, विचारल्याशिवाय सांगतीलच असं नाही.

एक गोष्ट तू लिहिलीच नाहीस आणि मला तिचीच जास्त काळजी वाटते. 1 जानेवारीची तारीख कंपनीची. 31 जानेवारीला तुझा स्वतःचा सेल्फ असेसमेंट येतो, मागच्या वर्षी घेतलेल्या डिव्हिडंडचा टॅक्स, आणि त्यावर पुढच्या वर्षासाठी तेवढ्याचाच निम्मा ॲडव्हान्स. यंदा तुझी कमाई कमी आहे तर तो ॲडव्हान्स कमी करून घ्यायचा अर्ज ऑनलाइन करता येतो, अगदी फुकट. फक्त खोटा कमी दाखवू नकोस, नंतर व्याज लागतं.

व्हॅट रजिस्टर्ड असशील तर काम नसलेल्या तिमाहीचं शून्याचं रिटर्न पण वेळेत टाक, शून्य असलं तरी उशिराचा पॉइंट लागतो, तिमाहीवाल्याला चार पॉइंट झाले की 200 पौंड दंड.

मोह होतोय असं वाटत असेल तर 14,800 आजच भरून टाक. लवकर भरलेल्यावर एचएमआरसी बेस रेटपेक्षा पाव टक्का कमी व्याज देते, म्हणजे नुकसान काही नाही. आमच्याकडे ह्यांच्या गॅपमध्ये मी हेच केलं होतं, खात्यात पैसे दिसत राहिले की रोज रात्री जेवताना तोच विषय निघायचा, भरून टाकले आणि घर शांत झालं. ज्याचा हात आवरतो त्याने खात्यात ठेवले तरी चालतील. आणि जानेवारीत खरंच कमी पडले तर तारीख उलटायच्या आधी फोन करून हप्ते मागून घे, टाइम टू पे म्हणतात त्याला, आधी विचारणाऱ्याशी ते बरं बोलतात.

पुढचं कॉन्ट्रॅक्ट लागलं की पहिल्या इनव्हॉइसपासून असं कर. 21 दिवसांचे 9,450, वर व्हॅट 1,890, खात्यात 11,340 आले. त्याच दिवशी, चहा प्यायच्या आधी, 1,890 अधिक 9,450 चे 25 टक्के म्हणजे 2,362 असे 4,252 दुसऱ्या खात्यात टाक. उरले 7,088, त्यातून पगार, खर्च, डिव्हिडंड आणि निदान तीन महिन्यांचा गॅपचा साठा.

वाकडच्या हप्त्याचं बिल्डरला आजच लिही की मुदत हवी. ॲग्रीमेंटमध्ये उशिराचं व्याज किती लिहिलंय ते आधी बघ, आणि तो आकडा घेऊन मला परत कळव.