जयंती, म्हणजे जलद वाढीसाठी निवडून घडवलेल्या रोहू माशाचं बीज (पिल्लं) घरच्याच तळ्यातल्या माशांपासून काढत राहिलं तर वाढ टिकेल का?

एखादी पिढी निभावून जाईल. पुढे पुढे वाढ घसरेल.

जयंती रोहू आणायचा, शेततळ्यातले सगळ्यांत मोठे मासे राखायचे आणि अंडी सोडायला लावणारं इंजेक्शन देऊन दरवर्षी त्यांचंच बीज काढायचं, हा तुमचा बेत. म्हणजे बीजाचा खर्च वाचेल आणि मासाही मोठा होत जाईल. हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) काम करायला लागलो तेव्हा माझाही हाच हिशेब होता.

घोळ होतो तो माशाच्या सुपीकपणामुळे. रोहूची मादी किलोमागे दोन-तीन लाख अंडी देते. त्यामुळे तीन मासे हौदात सोडले की गावभराच्या शेततळ्यांचं बीज निघतं, आणि आई-बापांची संख्या वाढवायची गरजच कुणाला वाटत नाही. एक मादी, दोन नर हा नेहमीचा संच. अख्खी पिढी तेवढ्यावर काढली तर अंतःप्रजनन, म्हणजे नात्यातल्या नात्यात होणारी पैदास, एका फटक्यात साधारण १९ टक्क्यांनी वाढतं. सख्ख्या भावंडांच्या संकरात ते २५ टक्के येतं, यावरून काय ते समजा. पंचवीस माद्या आणि पंचवीस नर वापरले तर हाच आकडा एक टक्क्यावर येतो. अंतःप्रजनन वाढलं की वाढ मंदावते, मत्स्यजिरे (अगदी लहान पिल्लं) जास्त मरतात, वाकड्या पाठीची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) दिसू लागतात.

‘सगळ्यांत मोठे’ मासेही फसवतात. ते बऱ्याचदा चार दिवस आधी जन्मलेले, खाद्यावर आधी तुटून पडलेले, आणि त्यातही एकाच मादीची पिल्लं असू शकतात. मी पाहिलेल्या एका हॅचरीत तर उलटंच चालायचं: मोठा मासा बाजारात आणि विकला न गेलेला बारका प्रजननाला. म्हणजे न ठरवता खुरट्यांची निवड!

जयंती कशी घडली ते पाहा. भुवनेश्वरजवळच्या कौशल्यगंगा इथल्या गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेत नॉर्वेच्या शास्त्रज्ञांच्या मदतीनं १९९२ च्या सुमारास काम सुरू झालं. गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा अशा वेगवेगळ्या नद्यांचे रोहू आणि संस्थेच्या तळ्यातले रोहू, असा पाया मुद्दाम रुंद ठेवला. प्रत्येक जोडीची पिल्लं आधी वेगळी वाढवली. अंगात चिप बसवण्याएवढी झाली की खूण करून सगळी एकाच तळ्यात सोडली. त्यामुळे निवड नुसत्या एकट्या माशाची न राहता त्याच्या घराण्याचीही झाली आणि नातेवाइकांच्या जोड्या टाळता आल्या. पिढीमागे सरासरी सुमारे १७ टक्के वाढ मिळाली ती या नोंदवहीमुळे. १९९७ मध्ये, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवात मासा बाहेर आला, म्हणून नाव जयंती.

तुम्हाला फक्त खाण्या-विकण्यापुरते मासे हवे असतील तर दरवेळी नवीन बीज घ्या, डोक्याला ताप नको. बीजच काढायचं असेल तर जयंतीचे नर एका ठिकाणचे आणि माद्या दुसरीकडच्या आणा. नात्यातले नसतील तर पहिल्याच पिढीत फरक दिसतो. गावठी नर घातलात तर मात्र जयंतीचा निम्मा फायदा तिथेच जातो. आणि दोन्ही ठिकाणचं मूळ बीज एकाच हॅचरीतून आलेलं नाही ना, हे विचारून घ्या. हा प्रश्न ऐकला की बरेच जण आधी चहा मागवतात.