गावाच्या भजनी मंडळाची मुंबईतील स्थापना कधी झाली, हे कसे शोधावे?

आपल्या गावाचे भजनी मंडळ मुंबईत नेमके कधी सुरू झाले हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही, जुनीजाणती माणसे तीन निरनिराळी साले सांगतात आणि स्मरणिकेत इतिहास तर छापायचा आहे, अशी आपली अडचण आहे. कणकवली तालुक्यातील आमच्या गावाच्या मंडळासाठी हेच काम मी काही वर्षांपूर्वी लालबागच्या खोलीत बसून केले असल्यामुळे त्या अनुभवावरून लिहितो.

सर्वप्रथम, नोंदणीचे साल हे स्थापनेचे साल समजू नका. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा 1950 सालचा आहे, आणि गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी गोळा होणारी वर्गणी वाढू लागली की मगच नोंदणीचा विषय निघत असे. भजन मात्र त्याआधी कित्येक वर्षे चालू असे. आमच्या फलकावर ‘स्थापना 1961’ असे आहे, आणि ते नोंदणीचे साल आहे हे आम्हा कोणाच्या ध्यानातही नव्हते.

ध्यानात आले ते पत्र्याच्या ट्रंकेत सापडलेल्या हिशेबाच्या वहीमुळे. वहीवर साल नव्हते, पण सुरुवातीचे सगळे आकडे रुपये-आण्यांत होते आणि मधल्या पानांपासून ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे सुरू होत होते. दशमान नाणी 1 एप्रिल 1957 रोजी आली आणि ‘नवे’ हा शब्द 1964 मध्ये गळाला, म्हणजे ती मधली पाने या सात वर्षांतील असावीत. (लोक आण्यांत हिशेब पुढेही काही काळ करीत राहिले, म्हणून एवढ्या एकाच खुणेवर विसंबू नये.) अशाच आणखी खुणा आहेत: पावतीवर ‘मुंबई 12’ असा जुना टपाल विभागाचा आकडा असेल तर ती बहुधा 1972 च्या ऑगस्टमध्ये पिनकोड येण्यापूर्वीची, आणि आमच्यासारख्या आताच्या सिंधुदुर्गातील गावाच्या पत्त्यात ‘जिल्हा रत्नागिरी’ असेल तर ती 1 मे 1981 पूर्वी छापलेली, कारण सिंधुदुर्ग जिल्हा त्या दिवशी झाला. आता आमच्या वहीचे पहिले पान पाहा. तिथे वरच लिहिले आहे: ‘मागील वहीवरून पुढे आणलेली शिल्लक रु. 17 आणे 9’. म्हणजे याआधीही एक वही होती, आणि ती आम्हाला आजतागायत मिळालेली नाही. त्याच पानावर खाली पखवाजाची पुडी (तोंडावरचे कातडे) बदलल्याचा, वादी ओढून घेतल्याचा आणि कणकेचा खर्च आहे. धुमेवर, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडावर, लावायच्या कणकेचे दोन पैसेसुद्धा मांडून ठेवणारा तो खजिनदार कोण होता, हे कळले असते तर मला सालापेक्षा अधिक आनंद झाला असता.

साल सापडले तरी इतिहास पुरा होत नाही, कारण मंडळ कसे उभे राहिले हे गिरणीच्या पाळ्यांवरून समजते. मुंबईतील पहिली कापड गिरणी 1854 मध्ये ताडदेवला स्थापन झाली, आणि पुढे गिरणगावात कोकणातून आलेली माणसे बायकामुले गावी ठेवून, गावकीच्या एका खोलीत वीस-पंचवीसजण मिळून राहत. दिवसपाळीचा माणूस उठला की रातपाळीचा त्याच जागी पथारी टाकी, त्यामुळे सगळे एकत्र बसतील अशी शनिवारची रात्र तेवढी उरे, आणि भजनाला तीच धरली जाई. पेटी वाजवीत गाणारा बुवा, पखवाजवाला, झांजवाला आणि बाकीचे सगळे टाळकरी असा हा संच असल्यामुळे खोलीतील कोणालाही बाहेर ठेवावे लागत नसे. गळा नसला तरी टाळ हाती येई. गावच्या सप्ताहात पहारे वाटून अखंड भजन करण्याची सवय ज्यांना होती, त्यांना पाळ्या सांभाळून भजन करणे फारसे अवघड गेले नसावे, असे मला वाटते.

या खोलीतून पुढे आलेले बुवा परळच्या दामोदर नाट्यगृहात डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, बसू लागले, तेव्हा शेजारच्या गावांचे लोकही तिकीट काढून येऊ लागले. डबलबारी हा स्वतंत्र विषय असल्यामुळे तो इथे वाढवीत नाही.

अभंगांच्या वह्या मात्र अवश्य पाहा. आमच्या बुवांनी कित्येक अभंगांच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून त्या वेळच्या चित्रपटगीताचा पहिला शब्द लिहून ठेवला आहे. तो चित्रपट कधी आला हे पाहिले की ते पान त्यापूर्वीचे नाही एवढे निश्चित होते. विठ्ठलाला सिनेमाची चाल लावावी की नाही यावरून मंडळात अबोला झाल्याचे ऐकिवात आहे, आणि अशी भांडणे स्मरणिकेतून गाळू नयेत असे माझे मत आहे.

18 जानेवारी 1982 रोजी कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आमच्या वर्गणीच्या वहीत त्यानंतर नावांपुढे महिनोन्महिने ‘बाकी’ एवढाच शब्द आहे, आणि काही नावे पुढच्या वहीत आलीच नाहीत. ही माणसे गावी परतली होती. मुंबईचे मंडळ रोडावले, पण गावात चतुर्थीला घरोघरी फिरणाऱ्या भजनात त्याच सुमारास चांगले पखवाजवाले अचानक वाढले, असे गावकरी आजही काळ्या वाटाण्याची उसळ खाता खाता सांगतात. म्हणून चौकशी मुंबईपुरती ठेवू नका. पुढे बिऱ्हाडे डोंबिवली-नालासोपाऱ्याकडे गेली आणि तिथे बायकांची भजनी मंडळे उभी राहिली, त्यांच्या वह्या वेगळ्या असतात.

वृद्धांना ‘कोणत्या साली?’ असे विचारू नका. तुम्ही आलात तेव्हा पेटी कोणती होती, बुवा कोण होते, खोलीचे भाडे कोण गोळा करीत असे, असे विचारा. आमच्या एका आजोबांना साल आठवले नाही, पण आपण बोटीने आलो आणि पखवाज मांडीवर घेऊन बसलो होतो, हे त्यांनी लगेच सांगितले.

स्मरणिकेत आम्ही शेवटी ‘1957 पूर्वीपासून’ असे छापले. फलकावर मात्र अजून 1961 च आहे, कारण तो बदलण्याचा खर्च कार्यकारिणीने अद्याप मंजूर केलेला नाही.