ऑफिसात कामाचा उरक वाढवायला नेमकी कोणती कौशल्यं महत्त्वाची, हे कसं ओळखायचं?

यादी करायला बसू नका. ती कुठल्याही ऑफिसात सारखीच निघते: संवाद, टीमवर्क, वेळेचं नियोजन. आधी काम कुठे अडतं ते बघा.

मस्जिद बंदरच्या एखाद्या क्लिअरिंग एजंटचं, म्हणजे आयात माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्याचं, ऑफिस घ्या. शेठला वाटतं, पोरांचा टायपिंगचा स्पीड वाढला पाहिजे. पण बिल ऑफ एंट्रीत (आयात मालासाठी कस्टम्सकडे भरायच्या कागदात) मालाचं वर्णन मोघम लिहिलं किंवा एचएस कोड (मालाचा प्रकार सांगणारा आकडा) चुकला, की कस्टम्सची क्वेरी येते. कंटेनर न्हावा शेवा बंदरात पडून, आणि फ्री डेज, म्हणजे बिनभाड्याचे दिवस, संपले की भाड्याचं मीटर सुरू! तिथे खरी किंमत कशाला? इनव्हॉइस नीट वाचण्याला, आणि शंका आली की लगेच माल मागवणाऱ्या पार्टीला फोन लावण्याला.

म्हणून महिनाभर एक वही ठेवा: कुठलं काम परत आलं, कशामुळे. साहेबांना नाही, ज्याच्या टेबलावर ते परत येतं त्याला विचारा. अर्थात प्रत्येक अडथळा कौशल्याचाच नसतो. कस्टम्सचं आइसगेट पोर्टलच ठप्प असेल, तर ट्रेनिंग देऊन काय कप्पाळ होणार!